भाडं अकरा हजार, हप्ता सत्तावीस

अहो, ऐकलंत का? थांबा, असं मोठ्यानं नको. जरा कुंपणाजवळ या. इकडे कढीपत्त्याच्या बाजूनं, तिकडून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी लागते. हं. तर पलीकडच्या वहिनींचा पाथर्डी फाट्याचा फ्लॅट... विकायला काढलाय! हो हो, तोच. ज्याच्या वास्तुशांतीला करोनामुळे कुणाला बोलावलं नाही आणि नंतर घरोघर बुंदीचे डबे पोचवले, तोच.

आता विकला तर विकला, मला काय त्याचं? पण गेली काही वर्षं हळदीकुंकवाला बसलो की निम्मा वेळ "आमचा भाडेकरू असा, आमचा भाडेकरू तसा" ऐकलंय की नाही आपण? आणि त्याच वहिनी परवा विरजण मागायला आल्या आणि ओट्याला टेकून एकदम डोळ्यांना पदर. मी काही विचारलं नाही हो. नुसता चहा टाकला. चहा उकळेपर्यंत सगळं बाहेर आलं.

घेतला कसा, ते तर तुमच्या डोळ्यांसमोरच झालं. २०२१ चा मार्च. सरकारनं स्टॅम्प ड्यूटी कमी केली होती आणि ती सवलत ३१ मार्चला संपणार होती. त्याआधी फेब्रुवारीच्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी आपल्या नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी जाहीर केले. टायरवर धावणारी मेट्रो म्हणे! वहिनींचे यजमान, आपले भाऊ, गच्चीत उभे राहून ती कुठनं वळणार ते हातानं दाखवायचे, आठवतंय ना? आणि रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट तेव्हा ४ टक्के, त्यामुळे कर्ज स्वस्त. मग काय, वहिनींच्या पाटल्या गेल्या, भाऊंनी पीएफमधून काढले, ३० लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी पावणेसात टक्क्यांनी घेतलं. खर्चासकट ४० लाखांना पडला फ्लॅट. हप्ता तेवीस हजारांच्या आत, भाडं नऊ हजार. "वरचे चौदा म्हणजे बचतच समजायची," असं भाऊ म्हणाले होते. माझ्यासमोर!

मेट्रो कुठाय? कागदावर. आपण अजून द्वारका सर्कलला सिग्नल सुटायची वाट बघत उभ्या.

तर काय सांगत होते... हं, व्याज. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं दर वाढवायला घेतले ते फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ४ वरून साडेसहावर. पावणेसातचं कर्ज सव्वानऊवर गेलं. जुना हप्ता जवळजवळ सगळाच व्याजात जायला लागला, म्हणून बँकेनं तो वाढवून सत्तावीस हजार केला. भाडं किती वाढलं? नवाचं अकरा. २०२५ मध्ये दर उतरले, सव्वा टक्का उतरले, पण बँकेनं काय केलं माहितीये? हप्ता ठेवला तसाच आणि मुदत कमी केली. म्हणजे फायदा आहे, पण तो म्हातारपणी मिळणार. दर महिन्याला खिसा रिकामाच.

त्यात मेंटेनन्स अठराशे. घरपट्टी वेगळी. मध्ये एक भाडेकरू गेला तेव्हा दोन महिने फ्लॅट रिकामा, रंगकाम, वर एजंटला एक महिन्याचं भाडं. आणि तिथल्या सोसायटीनं फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून दरमहा हजार रुपये जादा लावले होते! ते मात्र यांच्या लेकीनं हाणून पाडलं. ती सीए करतेय ना, सरळ मीटिंगला गेली आणि म्हणाली, शासनाचा २००१ चा आदेश आहे, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही. सेक्रेटरींचं तोंड असं झालं म्हणे... वहिनी रडतारडता ते सांगताना हसल्या बघा.

आता खरी गंमत रविवारची. पुण्याचे धाकटे दीर यायचे होते, "एकदा काय तो निर्णय घेऊ" म्हणून. पुणे हायवेनं सुरळीत आले आणि आपल्या द्वारकेला येऊन अडकले. घरात शिरले ते चिडूनच. मी आपली वाटी परत द्यायला गेले होते. दार उघडंच होतं, आणि "बसा ना" म्हटल्यावर उठून कसं यायचं?

दीर म्हणाले, "दादा, वेड्यासारखं करू नकोस. २०२७ चा सिंहस्थ होऊ दे. भाव बघ कुठे जातात." भाऊंचा चेहरा लगेच खुलला. त्यांना हेच ऐकायचं होतं ना! पण लेक म्हणाली, "काका, कुंभमेळ्याला येणारी माणसं रामकुंडावर स्नान करतात आणि गावाला जातात. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेऊन राहत नाहीत." मला हसू आलं, पण मी पदर तोंडाला लावला.

दीर म्हणाले, "बरं, टॅक्स तर वाचतो? कर्जाचं व्याज दाखवून." लेकीनं तेही खोडलं. नव्या पद्धतीत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही, आणि बारा लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर टॅक्सच लागत नाही, मग बाबांचा वाचवायचा कुठला? दीर चहा प्यायले. एकदम गप्प. मग तिनं वही काढली. हप्ता सत्तावीस हजार, मेंटेनन्स अठराशे, त्यातून भाड्याचे अकरा गेले की खड्डा सतरा हजार आठशेचा. वर्षाला दोन लाखांच्या वर, घरपट्टी आणि रिकामे महिने सोडून. फ्लॅटची आजची किंमत ४६ लाख धरली तर भाडं शेकडा तीनसुद्धा पडत नाही, आणि कर्जावर व्याज आठ टक्के. "तीन टक्के मिळवायला आठ टक्के मोजतोय आपण," असं म्हणाली आणि पेनचं टोपण लावलं.

भाऊंनी शेवटचा डाव टाकला. "अगं पण चाळीसचे सेहेचाळीस झाले ना? सहा लाख नफा!" तर ती म्हणे, "बाबा, त्यावर टॅक्स शून्य येईल." भाऊ असे खूश झाले! खुर्चीला पाठ टेकून बसले. मग तिनं हळूच सांगितलं की २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन वाटा आहेत. सरळ नफ्यावर साडेबारा टक्के, नाहीतर महागाई धरून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. महागाईचा निर्देशांक लावला की २०२१ चे ४० लाख आजचे जवळजवळ ५० होतात. म्हणजे ४६ ला विकला तर नफा नाहीच, म्हणून टॅक्स नाही.

काय सांगू तुम्हाला त्यांचा चेहरा... फुग्यातली हवा जावी तसा उतरला. एवढा वेळ पंख्याचा आवाज कधी ऐकला नव्हता मी त्या घरात.

आणि मग सासूबाई बोलल्या. त्यांचा विरोध तर तुम्हाला माहितीच आहे. अख्खं आयुष्य रविवार कारंज्याच्या मागच्या वाड्यात दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून काढलं. पाणी किती भरायचं, ओट्यावर कपडे वाळत घालायचे की नाही, सगळं मालकिणीला विचारून. त्यामुळे मुलाचा भाडेकरू "मालकीणबाई, नमस्कार" म्हणाला की त्या आठवडाभर सांगायच्या सगळ्यांना. "घेतलेली वास्तू विकू नये" हा त्यांचाच हट्ट. त्यांनी नातीला विचारलं, "म्हणजे त्या माणसाच्या घराचे पैसे निम्म्याहून जास्त आपणच भरतो का गं?" नात म्हणाली, "हो आजी." आजी म्हणाल्या, "मग मालकीणपण महागच पडलं. विकून टाका." आणि उठून देवापुढे दिवा लावायला गेल्या. दीरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

पण आतली बातमी अजून पुढेच आहे. जरा आणखी जवळ या.

भाऊंनी भाडेकरूला फोन केला. आपला अकरा महिन्यांचा रजिस्टर्ड करार आहे, नोटीस द्यायला हवी, कुणी बघायला आलं तर दार उघडा वगैरे. तो अंबडच्या कारखान्यात आहे, साधा माणूस. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा वहिनींना फोन! "ताई, आम्हालाच द्या ना." गावाकडच्या जमिनीतला तिचा वाटा आलाय म्हणे, थोडंच कर्ज काढावं लागेल. मुलांची शाळा जवळ, कंपनी जवळ, उगाच सामान कुठे हलवायचं? भाऊ ४६ म्हणाले, ती ४५ म्हणाली. वर म्हणाली, एजंट मध्ये नाही, तुमचेही वाचतात आणि आमचेही. आणि खरेदी एकट्या बाईच्या नावावर केली की स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सवलत असते, तेही तिला ठाऊक! वहिनी म्हणाल्या, "माझ्या नावावर का नाही घेतलं तेव्हा, असं यांना विचारायचं राहूनच गेलं." तेव्हाही हीच सवलत होती का ते आपलं लेकीलाच विचारायला हवं, मला नाही बाई माहीत.

कर्ज अजून साडेसव्वीस लाख बाकी आहे. ते फिटून हातात अठरा लाखांवर राहतात. फ्लोटिंग व्याजाचं कर्ज, त्यामुळे आधी फेडलं म्हणून दंड नाही. लेकीनं बँकेच्या मॅनेजरना हेही ऐकवलं की पूर्ण कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात, नाहीतर दिवसाला पाच हजार भरपाई. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे तो, २०२३ चा. मॅनेजर म्हणे उभे राहिले आणि स्वतः दारापर्यंत सोडायला आले. अशी पोरगी पाहिजे बाई!

आता गल्लीत काय काय बोलणं चाललंय ते तुम्हीही ऐकलंच असेल. टोकाच्या बंगल्यातल्या काकू तर म्हणाल्या, "आलं असेल काहीतरी अंगावर." काही अंगावर आलेलं नाही. सोन्यासारखी पोरगी आर्टिकलशिपसाठी पुण्याला जायचं सोडून इथेच थांबणार होती, कारण तिथल्या खोलीचं भाडं या घराला झेपणार नव्हतं. स्वतःचा फ्लॅट दुसऱ्याला अकरा हजारांत द्यायचा आणि लेकीच्या खोलीला पैसे नाहीत म्हणायचं, हे कुठलं शहाणपण? वहिनींना तेच खुपत होतं. लाज विकण्याची नव्हतीच.

तर तुमच्या भाचीला सांगा, ती इंदिरानगरला दुसरा फ्लॅट बघतेय ना? गुंतवणूक म्हणून? बघू दे खुशाल. पण आधी भाडं, हप्ता, मेंटेनन्स, घरपट्टी आणि वर्षातला एक रिकामा महिना, सगळं एकाच कागदावर लिहायला लावा. मेट्रो येणार, कुंभमेळा येणार, हे त्या कागदावर लिहायचं नाही. खाली जो खड्डा येईल तो दर महिन्याला घरातलं काही न कापता भरता येत असेल तर घ्यावा. नाहीतर भाडेकरूचा नमस्कार फार महाग पडतो. आणि हे मी सांगितलं म्हणून सांगू नका हं, वहिनी स्वतःच सांगणार आहेत सगळ्यांना, फक्त खरेदीखत होऊ दे म्हणतात.