सुई दिली, पुढचं तुम्ही पाहा

मोपा विमानतळावर उतरून पेडण्यात शांतता शोधायला आलेल्या मंडळींची हल्ली तबकडीच्या सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणाऱ्या फोनो स्टेजवरून जुंपते. ट्यूबचा बरा की ट्रान्झिस्टरचा? संकेत ४० डेसिबलने वाढवणं पुरे की ६० हवेत? पावसात वीज गेली की दोन्ही पक्ष सारखेच गप्प. डिचोलीच्या बाजूला निदान खाणीची तांबडी धूळ तरी तबकडीच्या खाचेत बसते, म्हणजे खरखर अस्सल गोव्याची!

परीक्षेला ठेवतात ती केसरबाई केरकरांची लाखेची जुनी तबकडी. कोरताना बदललेला खर्ज-तार समतोल पूर्ववत करणारा ‘आरआयएए’चा वक्र तंतोतंत हवा, म्हणून लाखभर रुपये मोजायचे. तो वक्र ठरला १९५४च्या सुमारास. तबकडी त्याआधीच कोरलेली. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर तबकडीवरून केसरबाईंची भैरवी अवकाशात धाडली. सोबत सुई दिली, कार्ट्रिज दिलं. फोनो स्टेजचं परग्रहवासीयांनी आपापसात भांडून ठरवावं.