नानांचे कान

नानांच्या हॉलमध्ये ऐकायची खुर्ची एकच आहे. बसायच्या जागा आणखी आहेत, पण तिथे फक्त बसता येतं. या खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या आहेत. एकदा लादी पुसताना मावशींनी ती चार बोटं सरकवली आणि त्या संध्याकाळी, नानांच्या म्हणण्याप्रमाणे, भीमसेनजी मधोमध न बसता काकूंच्या भांड्यांच्या कपाटापाशी बसून गायले.

खुर्चीसमोर दोन स्पीकर उभे आहेत. डेन्मार्कचे. उंचीला काकूंच्या खांद्याला लागतात आणि भिंतीपासून हातभर पुढे ठेवावे लागतात, म्हणून हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर आडवं होऊन जावं लागतं. घरात दोन पाहुणे कायमचे मुक्कामाला आल्यासारखं वाटतं. जेवत नाहीत एवढंच. मधल्या फळीवर जपानी अ‍ॅम्प्लिफायर, त्याशेजारी ऑस्ट्रियाचं टर्नटेबल, आणि या सगळ्यांना जोडणारी, नानांच्या बोटाएवढी जाड केबल. ती जमिनीला टेकू द्यायची नाही. तिच्यासाठी चिनी मातीचे छोटे छोटे पाट आहेत. नानांच्या आईचं सोवळंओवळं या घरातून तीस वर्षांपूर्वी गेलं होतं, ते केबलच्या रूपाने परत आलं.

माणूस मुळात उधळ्या नव्हे. बँकेत छत्तीस वर्षं काढली, मंडईत आजही कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी घासाघीस करतात. चाळीस वर्षं एका टू-इन-वनवर त्यांनी नाट्यगीतं, विविध भारती आणि क्रिकेटची कॉमेंट्री सुखाने ऐकली. निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि भाच्याने त्यांना एका शोरूममध्ये नेलं. तिथे त्यांना, अशा प्रत्येक दुकानात लावतात तेच, ईगल्सचं 1994 सालच्या मैफिलीतलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐकवलं. सुरुवातीच्या गिटारनंतर तो ढोल छातीवर येऊन आदळला आणि सदाशिव पेठेत जन्मलेला माणूस हातचा गेला.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मीही गेलो होतो. नानांनी मल्लिकार्जुन मन्सूर लावले आणि माझ्या अंगावर काटा आला. बुवा दोन स्पीकरच्या मधे, हात लांब केला तर लागतील असे बसलेले. घरी आल्यावर माझा डबा स्पीकर मला ऐकवेना. तेव्हा सगळं थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही. चांगल्या स्पीकरला पैसे पडतात आणि ते कानाला कळतात. पण पहिल्या लाखात आवाज बदलतो. पुढच्या लाखांत मालक बदलतो.

नानांचं तसंच झालं. आधी गाणं ऐकायला यंत्र होतं, आता यंत्र ऐकायला गाणं लागतं, आणि तेही चाळीस सेकंद. “हे ऐक, तंबोऱ्याची जवारी ऐक,” म्हणतात, आणि जवारी ऐकू येते न येते तोच सुई उचलतात. एकदा एका मैफिलीचं रेकॉर्डिंग लावून माझ्याकडे डोळे विस्फारून पाहत राहिले. “ऐकलास?” म्हटलं, सम फारच सुरेख घेतली. “सम नव्हे रे, खोकला! डावीकडून, तिसरी रांग. म्हातारा माणूस आहे.” म्हटलं, नाना, राग कोणता होता? “मारवा असेल. किंवा पूरिया. त्याकडे माझं लक्ष नव्हतं.”

जुनं गाणं तर त्यांनी घरातून हद्दपारच केलंय. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान भोंग्यात तोंड घालून गायल्या, त्यांचा नानांना राग आहे. तो आवाज या यंत्रावर आणखी वाईट ऐकू येतो. केसरबाई केरकरांच्या बाबतीत मात्र त्यांचं मन दुभंगलेलं आहे. केसरबाईंची भैरवी 1977 मध्ये व्हॉएजर यानांवर तबकडीत घालून अंतराळात पाठवली, हे नानांना मीच सांगितलं. तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा, आणि ती वाजवता यावी म्हणून सोबत कार्ट्रिज आणि सुई. नाना बराच वेळ गप्प बसले. “कार्ट्रिज कुठली दिलीय?” मला माहीत नव्हतं. “तिथेच चुकतात लोक,” ते म्हणाले. मग जरा हळवे होऊन, “पण वीज किती शुद्ध असेल तिथे! शेजारच्यांचा मिक्सर नाही, लिफ्ट नाही.”

विजेचं प्रकरण सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत गेलं होतं. नानांना सार्वजनिक अर्थिंग चालेना. त्यांनी स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरपुरता वेगळा खड्डा बागेत खणून घेतला, रीतीप्रमाणे त्यात मीठ आणि कोळसा भरला, आणि दोन महिन्यांत शेजारचा कढीपत्ता वाळून गेला. सभेत पहिल्या मजल्यावरच्या वहिनी वाळकी फांदी घेऊनच आल्या. नाना डगमगले नाहीत. “जपानमध्ये एका गृहस्थाने गाण्यासाठी दारात स्वतःचा विजेचा खांब उभा केलाय,” ते म्हणाले. “मी फक्त खड्डा खणला.” ठरावात कढीपत्त्याचं नवं रोप नानांच्या खर्चाने, असं नोंदलं गेलं. रोप चाळीस रुपयांचं निघालं. नानांनी तीसला मागितलं.

त्यांना समजवायचा प्रयत्न मी एकदाच केला. नव्या केबलवर दिशा दाखवणारा बाण होता. म्हटलं, नाना, या तारेतला प्रवाह सेकंदाला शेकडो, हजारो वेळा उलटसुलट होतो, त्याला बाण वाचायला उसंत कुठली? ते नुसते हसले, देव न मानणाऱ्याकडे पाहून पुजारी हसतो तसे. मग मी 2007 साली छापून आलेल्या बॉस्टनच्या प्रयोगाचं सांगितलं: भारीतलं रेकॉर्डिंग आणि तेच साध्या सीडीच्या दर्जावर उतरवलेलं, यांतलं कोणतं वाजतंय ते न सांगता जाणकारांना ऐकवलं. 554 वेळा विचारलं, 276 वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

“म्हणजे 276 वेळा कळलं की!” नाना म्हणाले.

मग आला पावसाळा. नानांनी अडीच लाखांची केबल बसवली त्याच आठवड्यात आठ दिवस ऊन पडलं नाही. काकूंनी धुतलेल्या दोन गोधड्या गॅलरीतून आत आणून, खुर्चीच्या मागच्या उघड्या भिंतीवर खिळ्यांना दोरी बांधून टाकल्या. संध्याकाळी मला बोलावणं आलं. नानांचे डोळे भरून आले होते. “पडदा उठलाय रे, पडदा!” आणि फरक खरोखरच होता. त्या गुळगुळीत भिंतीवरून आणि लादीवरून आवाज उडून परत यायचा, शब्दांना शेपट्या फुटायच्या. त्या गेल्या होत्या. तबला कोरडा, नेमका लागत होता. मी केबलकडे पाहिलं, मग मागे वळून गोधड्यांकडे पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या. त्याही गोधड्यांकडेच पाहत होत्या. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चार दिवसांनी ऊन पडलं, गोधड्या घड्या होऊन माळ्यावर गेल्या आणि केबल ‘बसली’. नाना तिला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने केबल तपासली, घराचे फोटो पाहिले आणि भिंतीला लावायला परदेशी कापडाच्या चार फळ्या विकल्या. चाळीस हजार. आत कापसासारखंच काहीतरी आहे, असं काकू म्हणतात. पण त्यांनी ते एकदाच म्हटलं, आणि तेही माझ्याजवळ.

गेल्या महिन्यात काकू त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दारावरची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी तर नाहीच नाही, अशी तक्रार होती. सोबत मी होतो. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून तपासणी झाली. बाहेर येऊन नानांनी पहिला प्रश्न विचारला तो हेडफोन कुठल्या कंपनीचा, हा. डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर ठेवला. रेघ हजार हर्ट्झपर्यंत बरी चालली होती, दोन हजारांनंतर वाकली आणि पुढे खंडाळ्याच्या घाटासारखी जी खाली उतरली ती आठ हजारांशी तळालाच गेली. घरचा अ‍ॅम्प्लिफायर चाळीस हजारांपर्यंत जातो.

“वयाप्रमाणे आहे,” बाई समजुतीने म्हणाल्या. “वरचे स्वर जातात आधी. मशीन लावून घ्या.” किंमत सांगितली. दोन्ही कानांची मिळून ऐंशी हजार.

“ऐंशी हजार?” नाना ताडकन उठले. “एवढ्याशा प्लॅस्टिकला? लूट आहे सगळी.”

रिक्षात बसल्यावर त्यांनी चष्मा लावून तो आलेख पुन्हा उघडला. बराच वेळ निरखला. शनिपारापाशी सिग्नल लागला तेव्हा माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “नीट बघ. वर जाताना कसा अलगद उतरत जातो. कर्कशपणा म्हणून नाही. उबदार! जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आलेख असाच असतो. लोक लाखो रुपये मोजतात यासाठी.”

मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. नानांना ते ऐकू येत नव्हते.