लिनक्सोपासक

दुसऱ्याचा बिघडलेला संगणक समोर येताच ज्याच्या मुद्रेवर चिंतेऐवजी, पंगतीत पान मांडलेले पाहून भोजनभाऊच्या मुद्रेवर उमटावी तशी प्रसन्नता उमटते, तो लिनक्सोपासक होय, ही व्याख्या अतिव्याप्तही नाही आणि अव्याप्तही नाही. संगणक दुरुस्त करणारे बाजारात पुष्कळ आहेत. परंतु ते पैसे घेतात, यंत्र दुरुस्त करतात आणि काय बिघडले होते असे विचारल्यास मौन पाळतात. लिनक्सोपासक पैसे घेत नाही, चहा घेतो. आणि काय बिघडले होते ते न विचारताही सांगतो.

असे एक उपासक आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. तहसील कचेरीत 31 वर्षे चाकरी करून, अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो तेव्हा, जन्मभर सरकारी दप्तर सांभाळलेल्या माणसाने बिनपरवान्याची प्रणाली वापरावी हे त्यांना पाहवले नाही. आणि एका रविवारी त्यांनी माझ्या लॅपटॉपात लिनक्स मिंटची प्राणप्रतिष्ठा केली. तेव्हापासून दर रविवारी, नुकत्याच दिलेल्या मुलीचे कसे चालले आहे ते पाहायला यावे तसे, ते येत असतात.

गेल्या बुधवारी बॅटरी पार उतरल्याने यंत्र नव्याने सुरू करावे लागले. पासवर्ड मागितला, मी दिला. पडदा क्षणभर काळा झाला, आणि पुन्हा पासवर्डच मागू लागला. पासवर्ड चुकला म्हणावे तर तशी तक्रार नाही. बरोबर म्हणावे तर प्रवेश नाही. अर्ज नामंजूर न करता अर्जदारालाच पुन्हा रांगेच्या शेवटी उभे करण्याची ही रीत मला परकी नव्हती. मात्र आजवर मी खिडकीच्या आतल्या बाजूला असे.

उपासकांना निरोप धाडला. ते ऑफिसातून परस्पर आले, बूट काढता काढताच "काका, काही दाबलं नाहीत ना?" असे त्यांनी विचारले, आणि लक्षण पाहताच "लॉगिन लूप!" असे उद्गारले. आता उपाय होणार, या आशेने मी खुर्ची सरकवली. परंतु कीर्तनकाराने पूर्वरंग टाळून आख्यानास हात घालावा, हे त्या संप्रदायात बसत नाही. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स नामक 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण केवळ हौसेखातर एक प्रणाली करीत आहोत असे जाहीर केले, येथपासून प्रारंभ झाला. मग पडद्यावर खिडक्या मांडणारी एक्स ही व्यवस्था 1984 साली अमेरिकेतील एमआयटीत कशी जन्मली आणि 1987 पासून तिची अकरावी आवृत्तीच कशी चालत आली आहे, याचे निरूपण झाले. तोवर चहाचा दुसरा कप संपला होता.

उत्तररंगात त्यांनी कंट्रोल, आल्ट आणि एफ-थ्री या तीन कळा एकदम दाबल्या. चित्रे, रंग, सारे लोपून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे तेवढी उरली, आणि तेथे माझे तेच नाव व तोच पासवर्ड बिनतक्रार मान्य झाला. "म्हणजे खातं शाबूत आहे, दोष चित्रांच्या दरबारात आहे." मग त्यांनी डिस्कची मोजणी केली, कारण डिस्क काठोकाठ भरली तरी हेच लक्षण दिसते, आणि अशा वेळी सामान्य खातेदार अडला तरी, रूट या सर्वाधिकाऱ्यासाठी प्रणालीने मुळातच 5 टक्के जागा राखून ठेवलेली असल्याने त्याचे काही अडत नाही. हे ऐकून मला कचेरीची आठवण होऊन गहिवरून आले. जागा मात्र मुबलक निघाली. पुढे 'पाहुणा' नावाचे नवे खाते उघडून पाहिले, तर तो पाहुणा थेट दिवाणखान्यात जाऊन बसला. म्हणजे घराचा मालक तेवढा उंबऱ्याबाहेर! "दोष तुमच्याच घरात आहे, काका," असे ते म्हणाले तेव्हा स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थोडा वाढला.

अखेर लपलेल्या फायलींची यादी पडद्यावर आली. तीत एक्सऑथॉरिटी नावाचे एक चिटुकले दप्तर होते. पडद्यावर चित्र काढण्याचा परवाना त्यात असतो आणि प्रवेशाच्या वेळी तो खातेदाराच्या नावाने नव्याने लिहावा लागतो. ते दप्तर होते माझ्या घरात, पण मालकाच्या रकान्यात नाव होते रूटचे! जमीन माझी, वहिवाट माझी, आणि सातबारा सरकारच्या नावे; लिहिणार कोण?

"कुणीतरी सुडो लावून स्टार्टएक्स चालवलंय," उपासक कडाडले. "सर्वाधिकाऱ्याचा शिक्का घेऊन चित्रांचा दरबार कधी उघडू नये! हा अडाणीपणा कुणी केला?"

फायलीसमोर तारीख आणि वेळ नोंदलेली होती. रविवार, सायंकाळी 6 वाजून 40 मिनिटे. रविवारी त्या वेळी मी खाली भाजी आणायला गेलो होतो, आणि नव्या धर्तीचा डेस्कटॉप दाखवण्यासाठी लॅपटॉपापाशी कोण बसले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यानंतर बुधवारपर्यंत मी नुसते झाकण मिटत होतो आणि उघडत होतो, म्हणून पाप उघडकीस आले नव्हते.

दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. उपासकांनी मात्र टाळी वाजवली. "कारण सापडलं!" गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्यांच्या शास्त्रात गौण होता. त्यांनी एका ओळीचा हुकूम लिहून मालकीचा फेरफार नोंदवला, आणि अडीच तासांचा तपास अर्ध्या मिनिटाच्या उपायाने निकालात निघाला.

तेव्हापासून यंत्र निर्वेध चालले आहे. आत्ताच जिन्यात उपासक भेटले. "काय काका, काही त्रास नाही ना?" त्यांनी विचारले. 'नाही' हे उत्तर ऐकावे लागेल की काय, अशी धास्ती त्या स्वरात होती. 31 वर्षांत कोणताही अर्जदार मी इतक्या केविलवाण्या नजरेने उभा पाहिला नव्हता.

"तसा नाही," मी म्हणालो, "पण प्रिंटर जरा..."

ते माझ्या आधी जिना चढून गेले. प्रिंटर माझ्याकडे नाही, हे मी दार उघडल्यावर सांगणार आहे. चहा मात्र ठेवायला सांगितला आहे.