शाकाहारी शिकाऱ्याची खरेदी

माझ्या हातून आजवर मेलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे झुरळ. तेही डोंबिवलीत, 1994 साली, चपलेने, आणि पहिले दोन फटके फुकट गेल्यावर. तरी आज माझ्या पाकिटात टेक्सास राज्याचा शिकारीचा परवाना आहे. त्याच्यासोबत हरणांच्या आणि टर्कीच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. हरीण पडलं की चिठ्ठी फाडायची, तारीख नोंदवायची आणि त्याला बांधायची. आमच्या घरात ऑम्लेटचा तवासुद्धा वेगळा असतो, हे राज्य सरकारने विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

झालं ते स्वस्ताईच्या मोहाने झालं. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ मिळवलं आणि आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या यच्चयावत पुरुषांना आपण मूळचे नेमबाज असल्याचा साक्षात्कार झाला. कुसाळेची रायफल पॉइंट टू-टूची. पॉइंट टू-टूची पिस्तुलं इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. सबब आपल्यात आणि ऑलिंपिकमध्ये फक्त एक दुकान आडवं आहे, असा हिशोब एका मित्राने साबुदाण्याच्या खिचडीसोबत मांडला. "एकाग्रता वाढते," तो म्हणाला. हा माणूस गाडी चालवताना जेवतो.

मला पटलं ते एकाग्रतेमुळे नाही, दरामुळे. नऊ मिलिमीटरची गोळी पंचवीस सेंटच्या आसपास पडते. टू-टूची आठ-दहा सेंटला. खोकं पाचशेचं घेतलं तर आणखी कमी. पाचशेचं घाऊक खोकं हे शब्द कानावर पडले की माझ्यासारख्या माणसाचा विवेक संपतो, मग आत गोळ्या असोत की पेपर नॅपकिन.

दुकानातला माणूस इतका अदबशीर होता की मला क्षणभर लक्ष्मी रोडच्या साड्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. त्याने काउंटरवर हिरवट गालिचा अंथरला आणि एकेक नग काढून, रिकामा आहे हे उघडून दाखवत, समोर ठेवला. सगळ्यात स्वस्त म्हणजे काउबॉय पद्धतीचं हेरिटेज रफ रायडर, दीडशे डॉलरच्या आसपास. घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा, मग चाप. रिकाम्या पुंगळ्या एकेक करून दांडीने ढकलून काढायच्या. "याचा फायदा म्हणजे गोळ्या हळूहळू संपतात," तो म्हणाला. माझा स्वभाव त्याला पाच मिनिटांत कळला होता. त्याच जातीचं रुगरचं रँगलर, 2019 साली अडीचशे डॉलर छापील किमतीला निघालेलं. मग टॉरसचं टीएक्स-22, सोळा गोळ्यांचं, तीनशेच्या आत-बाहेर. आणि शेवटी, दागिन्यांच्या दुकानात ठुशी काढतात तशी, रुगरची मार्क फोर.

या शेवटच्या पिस्तुलाचा इतिहास मराठी माणसाने ऐकण्यासारखा आहे. बिल रुगर नावाच्या गृहस्थाने 1949 साली कनेटिकटमधल्या साउथपोर्टला, अलेक्झांडर स्टर्म या भागीदाराच्या 50,000 डॉलरवर कारखाना टाकला आणि पहिलंच पिस्तूल काढलं ते टू-टूचं. युद्धावरून परतलेल्या सैनिकाकडून जपानी नाम्बू पिस्तूल विकत घेऊन त्याने गॅरेजमध्ये त्याची नक्कल करून पाहिली होती. आतली युक्ती तिथून आली आणि दिसणं जर्मन ल्यूगरसारखं. युद्धात हरलेल्या दोन देशांच्या खजिन्यातून असं स्वस्त आणि मस्त काहीतरी उभं करून त्याने ते 37 डॉलर 50 सेंटला विकलं. मी तिथेच फोनवर महागाईचा हिशोब केला: आजचे जवळपास 500 डॉलर. म्हणजे मार्क फोरचीच किंमत. पंचाहत्तर वर्षांत ज्या वस्तूचा खरा भाव वाढला नाही अशी माझ्या पाहण्यातली ही एकच. घर, कॉलेजची फी आणि अंबरमोहोर यांनी यातून काही शिकावं.

या पिस्तुलाच्या जुन्या पिढ्या उघडून साफ करणं सोपं होतं म्हणतात. परत जोडणं मात्र असं की कित्येकांनी भाग पिशवीत भरून मिस्त्रीकडे नेले. 2016 च्या मार्क फोरला मागे एक बटण आलं, दाबलं की उघडतं. "तब्बल सदुसष्ट वर्षांनी," दुकानदार म्हणाला. माझ्या आईचा स्टोव्ह आठवला. त्याला बटण कधीच आलं नाही.

बायको सोबत होती. तिने एकच प्रश्न विचारला, पण नेमका. "या रिकाम्या पुंगळ्या परत भरता येत नाहीत का?" आम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या लोकांतले. दुकानदाराचा चेहरा पडला. इतर काडतुसांच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते. ती बदलून पुंगळी पुन्हा वापरतात. टू-टूच्या रिमफायर काडतुसाचं तसं नाही. ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेच्या आतच भरलेला असतो, आणि पिस्तुलाची सुई ती कडच चेचते. एकदा चेचलेली कड गेली ती गेली. याच कारणाने ती स्वस्त, आणि याच कारणाने मधूनच एखादी उडतही नाही. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल तर सुई नेमकी रिकाम्या जागी पडते. 1887 पासून ही गोळी अशीच आहे. "म्हणजे पत्रावळीसारखं," बायको म्हणाली आणि तिचा त्यातला रस संपला.

मी सवयीने विचारलं, "काही कमी-जास्त?" त्याने एक टोपी फुकट दिली आणि फॉर्म पुढे सरकवला.

या फॉर्मचा नंबर 4473. केंद्र सरकारचा. तुम्ही कायद्यापासून पळ काढलेले फरारी आहात का? बेकायदा अमली पदार्थ घेता का? ज्याला पळून जायचंय तो इथे थांबून 'हो'वर फुली मारेल, असा काही तरी या प्रश्नामागे विश्वास असावा. पुढे एक प्रश्न होता: तुम्ही अमेरिकेचं नागरिकत्व कधी त्यागलं आहे का? तेरा वर्षं एच-1बी व्हिसावर काढलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं उद्यापन विचारणं. त्याग करायला आधी हाती काही पडावं लागतं. लिहिलं, नाही.

आणि मग तो आला. तुम्ही नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेले एलियन आहात का? फॉर्मवर हाच शब्द आहे. आहे बाबा. माझं घर इथे, कर्ज इथे, मुलीचा जन्म इथला, माझ्या कमरेचं दुखणं इथलं. पण सरकारदरबारी मी तात्पुरता आलोय. ग्रीनकार्डवाल्याला पिस्तूल मिळतं. ग्रीनकार्डच्या भारतीय रांगेत माझा नंबर लागेतो हातात पिस्तूल नव्हे, काठी असेल. व्हिसावाल्याला नुसतं बाळगायलासुद्धा बंदी, म्हणजे रेंजवर भाड्याचं घेऊन उडवायचीही सोय नाही. मी टोपी परत करायला हात डोक्याकडे नेला.

दुकानदार खाली वाकून हळूच म्हणाला, "अपवाद आहे, सर. शिकारीचा परवाना आहे?"

मला वाटलं गंमत करतोय. तर कायद्यात खरोखर तसं आहे. व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक, पिस्तूल, गोळ्या काहीही ठेवता येत नाही. पण कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर ठेवता येतं. कागदाला भोकं पाडायची आहेत असं म्हणणाऱ्या माणसावर या देशाचा विश्वास नाही. मुकं जनावर मारायचंय म्हणणाऱ्यावर आहे. मी काही कायदे करणारा नाही, पण कल्पना करतो की वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी टेबलावर हात आपटून म्हणालं असेल: परदेशी माणसाचं काय सांगावं, पण शिकाऱ्याचा शब्द म्हणजे शब्द.

परवाना 25 डॉलर. सहा महिन्यांहून जास्त टेक्सासात राहिलं की राज्याच्या हिशेबी तुम्ही रहिवासी; केंद्राच्या तात्पुरत्याला इथे एवढा मान. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार करण्याआधी शिकारीचा कोर्स करावा लागतो. तो मी घरबसल्या केला, आषाढी एकादशीला, कारण सुट्टी घेतली होती. हरणाचं काळीज आणि फुफ्फुसं पुढच्या पायामागे नेमकी कुठे असतात, मारल्यानंतर ते लवकर साफ का करावं, कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवावी. परीक्षेत उत्तम गुण पडले. पाठांतर आपल्या रक्तात आहे. आईला फोनवर सांगितलं, तर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "प्रमोशन का?"

ती गप्प राहिली यात नवल नाही. आमच्याकडे पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज केलेल्या माणसाकडे चाळ दोन वर्षं वेगळ्या नजरेने बघते. पोलीस चौकशी, कारण काय, जिवाला धोका कुणाचा, शेजारी काय म्हणतात. परदेशी हत्यार आणण्याची मुभा नामांकित नेमबाजांना, आणि नामांकित होण्यासाठी आधी हत्यार लागतं. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून कोल्हापूरकर पोरापोरींनी पदकं काढली, याचं खरं तर वेगळं पदक द्यायला हवं.

परवाना घेऊन दुकानात परतलो. फॉर्मवर जन्मगाव लिहिलं. डोंबिवलीचा उच्चार त्याने तीन वेळा केला, तिन्ही वेगळे. मग त्याने माझी माहिती एफबीआयच्या यंत्रणेला कळवली. 1998 पासून ही चौकशी अशीच चालते: 'जाऊ द्या', 'थांबवा' किंवा 'नाही'. व्हिसावाल्याचे इमिग्रेशनचे कागदही त्यात तपासतात. माझं उत्तर मी दुकानातल्या मोज्यांच्या किमती बघत होतो तेवढ्यात आलं. जाऊ द्या. माझ्या ग्रीनकार्डाचा अर्जही यांच्याकडे द्यावा, असं फार वाटलं.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण शाकाहाऱ्याने वापरू नये, पण दुसरी सुचत नाही. कानाचे बोळे, कानावरचे मफ, चष्मा, तेल, कुंचला, रेंजचं तासाचं भाडं, कागदी लक्ष्यं, सव्वाआठ टक्के कर. आणि तिजोरी. तिजोरीचा मुद्दा मुलीने काढला.

मुलगी अकरा वर्षांची. आमच्या घरातली एकमेव अमेरिकन नागरिक, आणि तिला दुकानातून पिस्तूल घ्यायला अजून दहा वर्षं आहेत. खोकं बघून तिने विचारलं, "कुठे ठेवणार? कुलूप? किल्ली कुणाकडे? गोळ्या वेगळ्या?" दुकानदाराने एवढे प्रश्न विचारले नव्हते. तिच्या शाळेत वर्षातून काही वेळा दिवे मालवून, दाराला कडी लावून, कोपऱ्यात चिडीचूप बसायची तालीम असते. आम्ही लहानपणी भूकंप आला तर टेबलाखाली, असं शिकलो होतो. भूकंप निदान दुकानात मिळत नव्हता. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर ॲलनचा आउटलेट मॉल आहे. 6 मे 2023 ला तिथे आठ माणसं मारली गेली. तिचे शाळेचे बूट आम्ही तिथूनच घेतो. अजूनही तिथूनच घेतो.

तिजोरी घेतली. पिस्तुलाएवढी महाग नाही, पण लाज वाटण्याइतकी स्वस्तही नाही. किल्लीची जागा मुलगी सोडून कुणाला सांगायची नाही असं मी गमतीने म्हणालो, आणि ती हसली नाही, म्हणून गंमत मागे घेतली.

मी 2012 च्या शेवटी या देशात आलो तेव्हा पहाटे दुकानांबाहेर रांगा दिसायच्या. मला वाटलं सेल. कुणीतरी सांगितलं, टू-टूच्या गोळ्यांची रांग. त्या डिसेंबरात कनेटिकटमधल्या न्यूटाउनच्या शाळेत वीस मुलं मारली गेली होती, आता काही तरी बंदी येणार म्हणून लोक जे मिळेल ते साठवत होते. टू-टूवर बंदी आणू असं कुणी म्हटलंही नव्हतं. तरी पुढे कित्येक महिने ती दिसेनाशी झाली, आणि माणशी ठरावीक खोकी मिळू लागली. रॉकेलच्या रांगेत वाढलेल्या मला तेव्हा बरं वाटलं होतं. चला, इथेही असतं.

नेमबाजीचं विचाराल तर रेंजवर पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या फळीवर सत्तरीच्या आजी होत्या. दहा यार्डांवर त्यांनी कागदाच्या मधोमध एका नाण्याएवढं भोक पाडलं, त्याच भोकातून गोळ्या जात राहिल्या. माझी भोकं कागदभर मोकळेपणाने पसरली होती, कोकणातल्या घरांसारखी. तिसरी गोळी उडालीच नाही. आजींनी न बघता सांगितलं, "नळी समोरच ठेव बाळा, मनात तीसपर्यंत मोज, मग काढ." मोजलं. काढली. बुडाच्या कडेवर सुईचा नीट ओरखडा होता. मसाला तिथे नव्हता, एवढंच. ती गोळी फेकून देववली नाही, पण ठेवायची कुठे हेही कळेना, म्हणून रेंजच्या निकामी गोळ्यांच्या बादलीत टाकली.

परवान्याची मुदत दर वर्षी 31 ऑगस्टला संपते. 1 सप्टेंबरला तो नवा नसेल तर तिजोरीतली वस्तू माझ्यापाशी असणं हा गुन्हा. म्हणून आता दर गणपतीच्या सुमाराला, मोदकांच्या साच्यांबरोबर, माझ्या यादीत शिकारीचं नूतनीकरण असतं. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या एकही न फाडता तशाच राहिल्या. बायकोने त्या फ्रिजवर लावल्या आहेत, मागच्या कोऱ्या बाजूला किराणा लिहायला. काल टर्कीवर हिंग होता. हरणावर अर्धा किलो तूरडाळ.