त्सुमागोचा मुक्काम गिळणाऱ्या महाशयांस खुले पत्र

महाशय,

तुमच्या जपान सहलीच्या पत्रकात त्सुमागोचा फोटो पानभर छापला आहे. लाकडी घरांची रांग, मागे किसोचे डोंगर, दारात पेटलेला कंदील आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोटो संध्याकाळचा आहे. तुमच्या बसने मात्र आम्हाला तिथे दुपारी बाराला सोडलं आणि दीडला उचललं. जी संध्याकाळ दाखवून तुम्ही पैसे घेतलेत, ती आम्ही नागोयात महामार्गालगतच्या एका हॉटेलात काढली. तिथली खिडकीसुद्धा उघडत नव्हती.

तुमचं नाव इथे घेत नाही. साकुराच्या हंगामात मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या इतर सहलींचे कार्यक्रमही मी चाळले आहेत आणि हाच प्रकार तिथेही पाहिला आहे. पण आमचे पैसे तुमच्याकडे भरले होते, तेव्हा जाब तुम्हालाच विचारणार.

त्सुमागो हे गाव मुळात कशासाठी वसलं, हे तुम्ही कधी वाचलंत का? एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, डोंगरांतून क्योतोला जाणारा जुना राजमार्ग म्हणजे नाकासेन्दो. सुमारे ५३० किलोमीटरच्या त्या वाटेवर मुक्कामाची ६९ गावं होती, त्यातलं हे ४२वं. थकून आलेल्या माणसाला निवारा द्यायचा, जेवू घालायचं आणि सकाळी ताजे हमाल-घोडे देऊन पुढे धाडायचं, यावर गावाची चूल पेटायची. १६३५मध्ये तोकुगावा शोगुनने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाने, सरदारांना ठरावीक काळाने एदोत येऊन राहण्याची सक्ती केली. लवाजम्यासह ये-जा करणाऱ्या त्या सरदारांवर ही गावं पोसली गेली. समुद्राजवळून जाणाऱ्या तोकाइदो या दुसऱ्या राजमार्गावर नद्यांना पूर आला की खोळंबा व्हायचा. ही वाट चढणीची, पण भरवशाची. १८६१मध्ये सम्राटाची सावत्र बहीण काझुनोमिया शोगुनशी लग्न करायला क्योतोहून निघाली, तीही याच रस्त्याने.

कुठे उतरायचं हा प्रश्न तेव्हाही होताच. सरदारासाठी होन्जिन, त्याच्या खालोखाल वाकी-होन्जिन. साध्या वाटसरूला जेवणासकट राहायचं असेल तर हातागो. खिसा अगदीच हलका असेल तर किचिनयादो: तांदूळ आपले आपण न्यायचे, सरपणाचे पैसे मोजायचे आणि शिजवून खायचं. हातागोत जायचं की किचिनयादोत, एवढं तरी एखाद्या फाटक्या वाटसरूला ठरवता यायचं. तुम्ही आम्हाला तेवढंही ठरवू दिलं नाहीत. जे गाव केवळ रात्र काढण्यासाठी उभं राहिलं, तिथून माणसांना भर दुपारी हाकलून नेण्याचा कार्यक्रम तुम्ही आखलात आणि त्यावर ‘एदोकालीन अनुभव’ असा शिक्का मारलात.

हे गाव टिकलं कसं, तेही ऐका. चुओ रेल्वेमार्ग १९११मध्ये पूर्ण झाला तो त्सुमागोला बाजूला ठेवून. वाटसरू आटले, तरुण शहराकडे गेले, घरं खचायला लागली. १९६८पासून ती दुरुस्त करायचं काम सुरू झालं. १९७१मध्ये गावकऱ्यांनी आपल्यापुरती सनद केली: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेच्या तारा मुख्य रस्त्यावरून हटवल्या, त्या रस्त्यावर दिवसा वाहनांना बंदी केली. १९७६मध्ये सरकारने जतनासाठी जुन्या वस्त्यांची पहिली निवड केली, तीत त्सुमागो होतं. हातचा पैसा सोडून ज्यांनी ही घरं राखली, त्यांच्या पदरात आपल्या बसने काय टाकलं? चार जणांनी गोहेई-मोची घेतली, म्हणजे कुटलेल्या भाताला मिसो-अक्रोडाचा लेप देऊन निखाऱ्यावर भाजलेली काडी. बाकीचे स्वच्छतागृह वापरून बसमध्ये येऊन बसले. दोष त्यांचा नाही. दीड तासात माणूस आणखी काय करणार?

पुढे मी स्वतंत्रपणे जाऊन त्सुमागोत राहिले, म्हणून तुम्ही आमच्यापासून काय हिरावलंत ते सांगू शकते. चारनंतर बसगाड्या निघून जातात आणि दुकानांची लाकडी दारं एकेक करून सरकतात. मिन्शुकुच्या, म्हणजे घरगुती खानावळीवजा मुक्कामाच्या, दारात बूट काढून मी वर चढले, तर मालकीणबाईंनी गुडघ्यांवर बसून ते बूट उचलले आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवले, सकाळी निघताना पाय सहज आत जावेत म्हणून. खोलीत तातामी, म्हणजे गवती चटयांची जमीन, एक बुटकं मेज, चहाचं सामान, आणि भिंत म्हणावी तर कागदी सरकतं दार. शेजारचा पाहुणा खोकला तरी ऐकू येतं. आंघोळीची खोली सगळ्यांत मिळून एकच, प्रत्येकाची वेळ ठरलेली. आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग हिनोकी या सुगंधी झाडाच्या लाकडी टबात नुसतं बुडून बसायचं, कारण तेच पाणी पुढच्या माणसासाठी असतं. त्या लाकडाचा वास ओल्या अंगाला तासभर येत राहतो. एके काळी किसोच्या जंगलात एक हिनोकी तोडली तर एक डोकं उडेल असा कायदा होता. शोगुनशाही संपून मेइजी काळ आल्यावर तो उठला, तेव्हा त्सुमागोच्या वाकी-होन्जिनचा वाडा १८७७मध्ये सबंध हिनोकीत नव्याने बांधला गेला. तो वाडा तुम्ही आम्हाला बाहेरून दाखवलात. तिकीट काढून आत जायला वेळ नव्हता.

जेवण सहाला. सातनंतर रस्ता पूर्ण आपला असतो. गावाच्या मध्यावर रस्ता दोनदा काटकोनात वळतो, चाल करून येणाऱ्या शत्रूचा वेग मोडावा म्हणून मुद्दाम तसा आखलेला. दुपारच्या गर्दीत ते वळण लक्षातच येत नाही. अंधारात मात्र पुढचं काही दिसत नाही, पाऊल आपोआप मंदावतं, आणि हे वळण इथे का ठेवलं ते कुणी न सांगता उमगतं. हे बसच्या ध्वनिवर्धकावरून समजावून देता येत नाही.

आता तुमची कारणं घेऊ. तक्रार केली तेव्हा तुमच्या कार्यालयातून तीन ऐकवली गेली: जेवण, गुडघे आणि खर्च.

जेवणाचा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच तो तुम्ही सोडवायला हवा होता. जपानी स्वयंपाकात भाजीसुद्धा दाशी नावाच्या पातळ रश्शात शिजते आणि दाशी बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाची असते. मिसो सूपमध्ये तीच, सोबा शेवया बुडवायच्या सॉसमध्येही तीच. तेव्हा ताट समोर आल्यावर ‘नो मीट, नो फिश’ म्हणून भागत नाही. आरक्षण करतानाच जपानीत लिहून विचारावं लागतं: दाशीसुद्धा चालणार नाही, कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांची कराल का? एखादं घर आनंदाने हो म्हणतं आणि रानभाज्या, तोफू, लोणची, भात असं जेवण वाढतं. एखादं घर स्पष्ट नाही म्हणतं, मग दुसरं घर शोधायचं. रात्रीचं जेवण नको असं सांगून चालेल, पण त्सुमागोत अंधार पडल्यावर उघडं उपाहारगृह सापडेल या भरवशावर राहायचं नाही, जवळ शिदोरी हवी. आमच्या गटात कुणाच्या पिशवीत थेपले नव्हते, चिवडा नव्हता, असं तुम्हाला वाटतं का? एका जेवणासाठी तुम्ही आम्हाला शहरात परत आणलंत आणि तिथे पनीर मखनी वाढलीत.

गुडघ्यांचंही तसंच. जमिनीवरच्या गादीवरून उठणं ज्यांना जमत नाही, लाकडी जिना ज्यांना झेपत नाही, सामाईक स्नानगृह ज्यांना नको आहे, त्यांना त्सुमागोत कोंबा असं मी म्हणत नाही. त्यांच्यासाठी ताकायामा आहे. तेही डोंगरातलंच जुनं गाव. १६९२पासून तिथे थेट शोगुनचा अंमल होता आणि कारभाराचा तो वाडा, ताकायामा जिन्या, आजही उभा आहे. तिथे पलंगाची साधी हॉटेलं आहेत, र्‍योकान, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथीगृहं, आहेत, आणि जुन्या पेठेपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहिलं तर वसंतात सकाळी सातलाच मियागावाकाठी भाजीबाजार मांडलेला दिसतो. नागोयाहून बसने निघून तो बाजार पुरेसा बघता येत नाही, कारण दुपारी बाराला तो आवरतो. मुक्काम निवडताना विचारायचे प्रश्न हे असतात: पलंग की तातामी, स्नानगृह स्वतंत्र की सामाईक, खोली तळमजल्यावर आहे का, खुर्ची मिळेल का, शेवटची बस किती वाजता. तुमच्या नोंदणी अर्जात आमच्या जेवणाची आवड विचारणारा एक रकाना होता. या प्रश्नांसाठी जागा नव्हती.

खर्चाबद्दल तुम्ही सरळ दिशाभूल केलीत. मिन्शुकुचा दर माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. हॉटेलचा दर बहुधा नुसत्या खोलीचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुमच्या माणसाने ‘फार महाग’ म्हणून सांगितलं. शहरातली दोन जेवणं आणि बसची उलट फेरी त्यात मिळवली असतीत, तर बोलणं निराळं झालं असतं.

एक अडचण मात्र मीच मांडते, कारण ती खोटी नाही. त्सुमागोतल्या घरांत खोल्या मोजक्या, चाळीस माणसं एका छपराखाली मावणार नाहीत. मग गट फोडा. दहा जण त्सुमागोत, दहा जण शेजारच्या मागोमेत, पलंगवाले ताकायामात. मागोमे ते त्सुमागो ही खिंडीतून जाणारी पायवाट जेमतेम आठ किलोमीटरची आहे, आणि हंगामात सामान एका गावातून दुसऱ्या गावात पोचवण्याची सोय आहे. आरक्षण काही महिने आधी करावं लागतं. आमच्याकडून पहिला हप्ता तुम्ही त्याहूनही आधी घेतला होता.

मागणं एवढंच. पुढच्या पत्रकात प्रत्येक गावापुढे तिथे किती तास थांबणार ते छापा आणि मुक्काम कुठे ते त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. डोंगरातल्या एका रात्रीचा पर्याय द्या, त्याचा वेगळा दर लावा, आणि ती रात्र कोणत्या प्रकारच्या घरात काढायची हे प्रवाशाला ठरवू द्या. ज्याला शहरातलं हॉटेल हवं असेल तो ते घेईल, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि एक उत्तर तुम्ही देणं लागता. आमच्या गटात सत्तरी ओलांडलेल्या एक काकू होत्या, पेन्शनीतून साठवून आलेल्या. दीड वाजता बसच्या पायरीवर थांबून त्यांनी तुमच्या सहलप्रमुखाला विचारलं, “अहो, फोटोतले दिवे कधी लागतात इथे?” त्याने घड्याळ दाखवलं आणि त्यांना दंडाला धरून वर चढवलं. काकू पुन्हा जपानला जातील असं मला वाटत नाही. त्यांचा पत्ता तुमच्या नोंदवहीत आहे. त्यांना पत्र लिहा आणि दिवे कधी लागतात ते कळवा.

आपली,
त्या बसमधली एक प्रवासी