अ‍ॅप्रन आहे का अ‍ॅप्रन?

निवृत्त झाल्यावर पुऱ्या तळण्याचं खातं माझ्याकडे आलं आणि पहिल्याच रविवारी शर्टावर तेलाचे नकाशे उमटले. "अ‍ॅप्रन आणा," ही म्हणाली, "पण २०० रुपयांच्या आत."

निघालो. अप्पा बळवंत चौकात अ‍ॅप्रन मागितला, तर दुकानदाराने लांब बाह्यांचा पांढराशुभ्र डगलाच काउंटरवर टाकला. "मेडिकल की फार्मसी?" आपल्याकडे अ‍ॅप्रन म्हणजे डॉक्टरांचा, हे मी विसरलोच होतो. पुऱ्या तळायला प्रवेशपरीक्षा नसते, असं पुटपुटत सटकलो.

बोहरी आळीत झारे, सोरे, पुरणयंत्रं, माणूस मावेल एवढी पातेली. पण "कापडाचं आम्ही ठेवत नाही." लक्ष्मी रस्त्यावर कापडाचे डोंगर. पण "स्वयंपाकघरातलं आम्ही ठेवत नाही." तुळशीबागेत एकाने आपुलकीने गाऊन दाखवला. केटरिंगवाल्यांकडे अ‍ॅप्रन होते, पण डझनाच्या हिशेबाने. बारा अ‍ॅप्रन घेऊन मी काय पंगत उठवू?

शेवटी मॉल. तिथे अ‍ॅप्रन खुंटीला लटकलेला, छातीवर 'किंग ऑफ किचन', किंमत ७९९. एक मीटरभर कापड, दोन नाड्या, एक खिसा. शिवाय कापड पॉलिस्टर, म्हणजे ज्वाळेपाशी गेलं की वितळून अंगालाच चिकटणार. या राजाने सिंहासन गॅसपासून लांबच मांडलेलं बरं.

रिकाम्या हाताने घरी आलो आणि बाजाराच्या नावाने बोटं मोडली. ही कणीक मळता मळता ऐकत होती. "छत्तीस वर्षं मी याच ओट्याशी उभी आहे. पदराने पातेली उतरवली, पदरालाच हात पुसले. मग पदर गेला, गाऊन आला. त्यावर हळद सांडली, फोडणी उडाली. तेव्हा कुणी लक्ष्मी रस्ता पालथा घातला नाही. दोन घाणे काय तळलेत, लगेच गणवेश हवा!"

जी रोज रांधते तिने कधी मागितला नाही, म्हणून दुकानदाराने ठेवला नाही. हौशी माणूस महिन्यातून एकदा मागतो, म्हणून ७९९.

तिने कपाटातून तिचा जुना सुती गाऊन काढून दिला. हळदीचे डाग आधीचेच आहेत, त्यामुळे जपायचा प्रश्न नाही. आता रविवारी पुऱ्या मीच तळतो. बेल वाजली, की दार मात्र ती उघडते.