सर, भुयार कुठे आहे?

पुण्यात इतिहासावर व्याख्यान देणं एकवेळ सोपं, व्याख्यानानंतरची दहा मिनिटं निभावणं कठीण. आभार मानायला संयोजक माइककडे निघालेले असतात, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर जातो. ‘प्रश्न नाही, थोडी भर घालायची आहे.’ भर घालणाऱ्याच्या कापडी पिशवीत झेरॉक्स असते आणि झेरॉक्सवर पेन्सिलीच्या खुणा. वक्त्याने तासभर मेहनतीने उभं केलेलं माधवराव पेशव्यांचं दरबारी राजकारण एका तिथीच्या घोळावर अडवून ठेवलं जातं. वक्ता नवखा असेल तर घाम पुसतो. मुरलेला असेल तर ‘आपण नंतर बोलू’ म्हणतो, आणि मग खरोखरच जिन्यात अर्धा तास उभा राहतो. दोघंही मजेत असतात.

या शहराला बसून ऐकायची सवय न्यायमूर्ती रानड्यांनी लावली. १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती अजून चालू आहे. ऐन उन्हाळ्यात, लोक महाबळेश्वरला जायच्या दिवसांत, पुणेकर संध्याकाळी व्याख्यान ऐकायला जातो आणि येताना वक्त्याच्या चुका घेऊन येतो. पुढे १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. राजवाड्यांचं मंडळाशी पुढे जमलं नाही आणि ते धुळ्याला निघून गेले. म्हणजे मतभेदाची परंपराही थेट संस्थापकांपासूनची आहे. आपण ती नुसती चालवतो.

बसून ऐकणाऱ्यांच्या जोडीला आता चालत ऐकणारे आले आहेत. हेरिटेज वॉक. रविवारी सकाळी साडेसहाला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर जमायचं. वेळ एवढी लवकरची, कारण नऊनंतर शिवाजी रस्त्यावर उभं राहून कुणी इतिहास सांगू लागला तर त्याला स्वतःलाही तो ऐकू येणार नाही. माहिती सांगणाऱ्याचं वय आणि शिक्षण काही का असेना, तो ‘सर’. सरांच्या कमरेला छोटा स्पीकर, तोंडासमोर माइकची काडी. मंडळींमध्ये निवृत्त बँकवाले, नव्या बुटांतली आयटीतली जोडपी, सुट्टीवर आलेली एखादी अमेरिकेतली भाची, आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी ओढून आणलेला एक मुलगा. फेरी संपेपर्यंत सगळ्यात चांगला प्रश्न बहुतेक वेळा तोच विचारतो, कारण त्याला काहीच आधीपासून माहीत नसतं.

बाकीच्यांना बरंच माहीत असतं. नेमकं सांगायचं तर तीन गोष्टी हव्या असतात: रक्त, भूत आणि भुयार.

रक्ताची सोय शनिवारवाड्यात आहे. सर बिचारे सुरुवात पायापासून करतात. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये असं सांगतात. ‘जीएसटी धरून का?’ असा आवाज मागून येतोच. १८२८ च्या आगीत आतला लाकडी इमला गेला, राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. ज्या जागी सातमजली वैभव होतं असं ऐकून लोक माना वर करतात, तिथे आता घारी असतात. पण लोकांचं लक्ष यात नसतं. त्यांना ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दिवस, हवा असतो. नारायणराव कुठून पळाले, गारदी कुठून आले, ‘काका मला वाचवा’ हे नेमकं कुठल्या दालनात. ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनीच केला याला भक्कम पुरावा नाही, असं सरांनी म्हटलं की घोळक्यात नाराजी पसरते. लहानपणापासून सांभाळलेली खलनायिका कुणी अशी सहज काढून घेतली तर वाईट वाटणारच. मग भुताचा विषय निघतो. पौर्णिमेच्या रात्री हाका ऐकू येतात का? सर म्हणतात, संध्याकाळनंतर आत कुणाला सोडत नाहीत, त्यामुळे ऐकायला कोण असतं हा प्रश्न आहे. हे उत्तर तर्काला धरून आहे, आणि म्हणूनच कुणाला आवडत नाही.

लाल महालात सरांची खरी कसोटी. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजीमहाराजांनी शायिस्तेखानावर घातलेला छापा सांगताना त्यांचा आवाज चढतो, अंगावर काटा येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी विचारतं, ‘सर, बोटं तुटली ती खिडकी कुठली?’ समोरची वास्तू महापालिकेने बांधलेली, १९८८ साली पूर्ण झालेली. हे सांगावं तर रंगाचा बेरंग, न सांगावं तर इतिहासाशी बेइमानी. मी पाहिलेल्या एका सरांनी यावर छान तोड काढली होती. ते म्हणाले, ‘खिडकी गेली, बोटं गेली, खानही गेला. जागा तीच आहे.’ लोकांनी त्या जागेचे फोटो काढले. फोटोत खिडकीच आली.

सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ मात्र कुणाच्या ऐकीव माहितीत नसतं, म्हणून तिथे सगळे गप्प होतात. भीमगिरजी गोसाव्यांनी १७५४ मध्ये ते बांधायला घेतलं. शिखर नाहीच, समोर नुसती काळ्या दगडाची भिंत, आणि त्या भिंतीवर एवढी गर्दी की पेठेतल्या चाळीचा दर्शनी भाग परवडला. द्वारपाल, हत्ती, पोपट, माकडं. या सगळ्यांत खाली एक गेंडा आहे, साखळदंडाने जखडलेला, आणि त्याच्या बाजूला टोपीवाले बंदूकधारी शिपाई. जवळ जाऊन बघितलं तर साखळीची कडी न् कडी मोजता येते, आणि गेंड्याच्या अंगावरच्या घड्या कारागिराने खांद्यापाशी वेगळ्या आणि पाठीवर वेगळ्या काढल्या आहेत. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल घशात घातला, त्याचं हे व्यंगचित्र, असा एक अर्थ लावतात. खरं असेल तर पुण्यातल्या एका गोसाव्याच्या देवळावर कंपनी सरकारची टिंगल कोरली जात होती, तीही शनिवारवाड्यात पेशवे नांदत असताना. गाभाऱ्यातला गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. एका बाईंनी हात जोडले आणि हळूच विचारलं, ‘याला मोदक कुठल्या सोंडेत द्यायचा?’ सरांकडे उत्तर नव्हतं. मला तो प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात गंभीर प्रश्न वाटला.

तिथून बुधवार पेठेत शिरेपर्यंत देवांची नावं येतात आणि फेरी भरकटते. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर. प्रत्येकामागे एक गोष्ट आणि प्रत्येक गोष्टीच्या किमान दोन आवृत्त्या. जिलब्या मारुतीच्या शेजारी जिलेबीचं दुकान होतं की मारुतीलाच जिलब्यांची माळ घालत, यावर मी दोन सभ्य माणसांना आवाज चढवताना पाहिलं आहे. दोघांनाही मधुमेह होता.

आता भुयार. ज्याचं बालपण पेठेतल्या वाड्यात गेलं, त्याच्या वाड्यातून शनिवारवाड्याला भुयार जात होतं. यात अपवाद नाही. ‘आमच्या माजघराखाली तोंड होतं, आजोबांनी बुजवून घेतलं.’ कुणाचं भुयार पर्वतीला जातं, कुणाचं थेट सिंहगडाला. सगळी खरी धरली तर पेशवाईतलं पुणे जमिनीवर कमी आणि जमिनीखाली जास्त राहत असावं. आणि गंमत अशी की ही माणसं अगदीच खोटं बोलत नाहीत. जमिनीखाली खरंच काहीतरी होतं. त्यांच्या पूर्वजांनी चिरेबंदी, माणूस उतरू शकेल एवढी पोकळी पाहिली होती. फक्त तिच्यातून राण्या पळत नव्हत्या, पाणी येत होतं.

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतले आणि तिथून शहरापर्यंत दगड-चुन्याचा बंदिस्त नळ आणला. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. दहाएक किलोमीटर अंतरावर पाण्याने आपल्या पायाने चालत यावं असा उतार त्या काळच्या माणसांनी बेतला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, हवा निघून जावी आणि गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून. पाणी वाड्याच्या कारंज्यांत गेलंच, पण पेठांमधल्या हौदांतही आलं: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. लोकांनी तिथून घागरी भरल्या. वाडे, मुत्सद्दी, तलवारी यांतलं जे काही सांगितलं जातं ते मोजक्या घराण्यांचं. हौदावरचं पाणी मात्र पेठेतल्या पुष्कळ बिनमहत्त्वाच्या घरांत गेलं असणार. माझ्या मते पेशव्यांच्या पुण्यातलं सर्वांत थोर बांधकाम हेच. पण सर ‘नळ’ म्हणाले की लोकांचे चेहरे पडतात. भुयार म्हणून सुरू झालेली गोष्ट पाणीपुरवठ्यावर संपली, की तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. मेट्रोच्या कामात स्वारगेटला जुना भुयारी मार्ग लागला, तेव्हाही दोन दिवस शहराच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तोही पाण्याचाच निघाला.

पाण्याचा विषय निघाला की मात्र एक गोष्ट होते, आणि ती कुठल्याही सरांच्या हातात नसते. नारायण पेठेत एका घराच्या कोपऱ्यावर सर पुराची खूण कुठवर असावी हे सांगत होते. मागून एक आजोबा पुढे आले. तोवर ते एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी भिंतीवर, स्वतःच्या डोक्याच्या बऱ्याच वर, काठीचं टोक टेकवलं. म्हणाले, ‘इथे. बारा जुलै एकसष्ट. मी अकरा वर्षांचा. आम्ही वरच्या गच्चीवर, आणि खालून पिंप तरंगत गेलं, त्यावर कोंबडी बसलेली.’ सरांनी माइक बाजूला केला. कुणी भर घातली नाही. पानशेतचं धरण फुटून आलेलं पाणी ज्यांनी बघितलं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या पिढीच्या फेरीला हे टोक टेकवणारी काठी नसणार. पेठेत अजूनही कुठल्याही गोष्टीचं वय पानशेतच्या आधीचं की नंतरचं, यावर ठरतं. शिवशक आणि शालिवाहन शक पंचांगात, व्यवहारात पानशेत.

दाखवण्यासारखं कमीच होत चाललं आहे, हे खरं. जिथे फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा खूप वर्षं मोडकळीला आलेला, दुकानांनी झाकलेला बघितला. २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी तोही उतरवला. उरलेल्या वाड्यांपुढे उभं राहून आपण कोरीव तुळयांचं कौतुक करावं, तर वरच्या सज्जातून कपडे वाळत घालणाऱ्या काकू विचारतात, ‘आवडला का? मग राहायला या. संडास खाली आहे.’ भाडं दोन आकडी, मालक कोर्टात, छपराला ताडपत्री. त्यांना वारसा नको असतो असं नाही. त्यांना लिफ्ट हवी असते, एवढंच. याला उत्तर देता येत नाही म्हणून आम्ही घाईघाईने पुढच्या चौकाकडे निघतो.

परवाची फेरी एका जुन्या हौदापाशी संपत होती. हौद कोरडा, आत प्लास्टिकच्या पिशव्या. सर अगदी मनापासून सांगत होते, कात्रजहून निघालेलं पाणी इथवर कसं येई, किती चवदार असे, बायका पहाटे कशा रांगा लावत. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी टँकर येऊन थांबला आणि हॉर्न वाजू लागला. शेजारच्या सोसायटीचे चेअरमन बनियनवर खाली आले. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली, मग सरांच्या स्कूटरवरून.

‘ही कुणाची? हलवा आधी. पाण्याची गाडी आत घ्यायचीय. इतिहास थोडा पलीकडे उभं राहून सांगा की.’

आम्ही सगळे पलीकडे सरकलो. चेअरमनसाहेब पाइप जोडून झाल्यावर परत आले, सरांचं थोडा वेळ ऐकलं, आणि म्हणाले, ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण आमच्या बिल्डिंगखालून जातं ते भुयार वेगळं.’